नमुना कुटुंब

माणसं पैसे का उधळतात, याचा माझा नवरा अभ्यास करतो. आमच्याच घरचे आकडे घालून त्यानं कॉम्प्युटरवर एक नमुना कुटुंब बसवलंय. त्यात काहीही बदललं, की त्या घराची पुढची दहा वर्षं पडद्यावर दिसतात. त्यातली खर्चिक बायको म्हणजे मी, हे तो प्रत्येक भाषणात सांगतो आणि लोक पोट धरून हसतात.

आजही हसले. मग तो ऐटीत म्हणाला, "सुचवा एखादा बदल!"

पहिल्या रांगेतून मी हात वर केला. "नवऱ्याला काढून बघा."

पुन्हा हशा. त्यानंही हसतच बटण दाबलं. पडद्यावर त्याच्या महागड्या कॅमेऱ्यांचे हप्ते थांबले, कर्ज फिटलं, शिल्लक चढतच गेली. मी उठून उभी राहिले.



"अहो, तुमची बॅग मी सकाळीच भरलीय. बाहेर रिसेप्शनवर आहे."