वाढीव लोड

"घराचा लोड पुरणार नाही गं आई," असं सांगून आशिषने गच्चीवरच्या खोलीत आईला एसीऐवजी कूलर बसवून दिला होता. आई तोही विचारूनच लावायची. "मोटर चालू नाही ना रे?" म्हणून आधी जिन्यातून ओरडायची.

यंदा तळघरात होम थिएटर झालं. त्यासाठी आशिषने लोड वाढवून घेतला, वेगळी लाइन ओढली, दोन एसी लावले.

"साहब, ऊपर अम्माजी के कमरे में भी लाइन दे दें?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

"अभी रहने दो."

लखनौच्या जूनमधल्या दुपारी ऑफिसचे मित्र सिनेमा बघायला आले. तळघर इतकं गार झालं की एकाच्या बायकोने शाल मागितली. आशिष ती आणायला आईच्या खोलीत गेला. कूलर बंद होता. आई घामाने निथळत वर्तमानपत्राने वारा घेत होती.

"कूलर का बंद केलास?"

"खाली तुझे पाहुणे आहेत ना. लोड येऊन लाइट गेली, तर चारचौघांत तुझी शोभा व्हायची." तिने पदराने कपाळ पुसलं. "तू का वर आलास? काय हवं होतं?"

शाल मागायला आशिषची जीभ रेटेना.