शेवटच्या बाकावरचा पेला

चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, द्राक्षरसाच्या पेल्यांचं ताट घेऊन मंडळीचे पंच याकोबराव अकरा वर्षांत पहिल्यांदाच शेवटच्या बाकापाशी थांबले. तिथे शिलास बसला होता. चोर ठरवून त्याचं प्रभुभोजन बंद केलं होतं, तरी त्याने एक रविवार चुकवला नव्हता.

"वेदीवरचा द्राक्षरस तेव्हा मीच चोरून प्यायलो, शिलास, आणि नाव तुझं सांगितलं," याकोबराव सगळ्यांदेखत म्हणाले. ताटातले पेले किणकिणत होते. "मला क्षमा कर, बाबा."

शिलासने पेला उचलला, पण ओठांना लावला नाही.

"केली क्षमा. पण माझ्या बायकोचा, रूथचाही तुमच्यावरच विश्वास होता, दादा. मरताना हात धरून म्हणाली, आतातरी कबूल करा." त्याने पेला परत ताटात ठेवला. "मग केलं मी कबूल. तेव्हा कुठे तिने डोळे मिटले."