दोन खोल्यांचं एक अंगण

बाई जीपमधून उतरल्या आणि ओट्यावर बसलेल्या काकांना पाहून जागच्या जागी थांबल्या.

"हे इथे कसे?" त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं.

"तेही चाचणीचे पाहुणे, बाई. सकाळीच आले. डावीकडची खोली त्यांची, उजवीकडची तुमची. मधलं अंगण सामाईक."

"कुणी ठरवलं हे?"

"आमच्या आर्किटेक्ट मॅडमनी."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि आपली पिशवी स्वतःच उचलून खोलीत गेल्या. काकांनी हातातल्या पुस्तकातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

सुरुवातच बिनसली, असं व्यवस्थापकाला वाटलं. भर वाळवंटात उभं राहिलेलं हे पहिलंच अतिथिगृह. एसी नाही, जनरेटर नाही. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, चुन्याने पांढरंशुभ्र केलेलं छत आणि अंगणात एक उंच मनोरा. वरचा वारा मनोऱ्याच्या तोंडातून आत शिरायचा आणि तळाशी मांडलेल्या माठांवरून गार होऊन अंगणात उतरायचा. पाहुण्यांना आवडलं तर मालक अशी आणखी घरं बांधणार होते. नाही आवडलं तर पत्र्याच्या खोल्या आणि एसी. मॅडमचं एवढ्या वर्षांचं मातीचं काम मातीत.

त्याने मॅडमना आधीच सांगून पाहिलं होतं, "प्रत्येक खोलीला वेगळा मनोरा द्या. अनोळखी माणसं एका अंगणात कशाला बसतील?"

"दोन मनोऱ्यांना दुप्पट पाणी लागेल. वाळवंटात पाणी वाटूनच घ्यावं लागतं."

"आणि नाही बसली तर?"

"ऊन बसवेल," मॅडम म्हणाल्या होत्या. चाचणीच्या वेळी त्या स्वतः येणार नव्हत्या. त्या आल्या की पाहुणे तोंडदेखलं गोड बोलतील, असं त्यांचं म्हणणं.

पण रोज संध्याकाळी त्यांचा फोन मात्र न चुकता यायचा.

"दुपारी कुठे बसले दोघं?"

"बाई अंगणात. त्या आल्या की काका उठून आत जातात."

"आत गरम होत नाही?"

"होतं ना! पण हट्टी आहेत."

"हं," मॅडम म्हणायच्या. "जेवतात का नीट?"

तापमान विचारायचं त्या बरेचदा विसरायच्या. शेवटी व्यवस्थापकच आठवण करून द्यायचा.

मग एका दुपारी गरम वारा सुटला. अंगाला झळा लागत होत्या. व्यवस्थापक काकांच्या खोलीकडे धावला, तर बाई आधीच तिथे पोचून दार बडवत होत्या.

"अहो, दार उघडा! कुणाचा राग कुणावर काढताय?"

दार उघडलं. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यांनी भिंतीला धरलं होतं. बाईंनी त्यांचा हात धरला, मनोऱ्याखाली आणून बसवलं, रुमाल माठात बुडवला आणि त्यांच्या कपाळावर ठेवला.

"बाहेरची खिडकी बंद ठेवायची आणि अंगणाकडची उघडी, असं सांगितलं होतं ना तुम्हाला? उलटं कशाला केलंत?"

"अंगणाकडची उघडली की तुमचं गुणगुणणं ऐकू येतं."

"त्रास होतो त्याचा?"

काकांनी डोळे मिटले. "होतो."

संपलं, व्यवस्थापकाच्या मनात आलं. संध्याकाळी त्याने पडेल आवाजात फोनवर सांगितलं, "मॅडम, आवाजाची तक्रार आली आहे. बाईंच्या गुणगुणण्याची."

"त्या गुणगुणतात?"

"आधी नव्हत्या. आता गुणगुणतात, माठ भरताना."

मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला. "ती तक्रार नका धरू."

दुसऱ्या दिवशी काका आत गेले नाहीत. अंगणाच्या एका टोकाला त्यांची खुर्ची, दुसऱ्या टोकाला बाईंची. त्यानंतर रोज व्यवस्थापक खुर्च्या पुन्हा जागेवर नेऊन ठेवायचा आणि रोज त्या जरा जवळ आलेल्या असायच्या. माठ भरायला आता काकाही उठू लागले. एकदा त्यांनी काहीतरी सांगितलं आणि बाई हसता हसता ठसका लागेपर्यंत हसल्या.

"या वयात?" व्यवस्थापकाने स्वयंपाकघरात बायकोच्या कानाशी लागून विचारलं.

"वयाला काय धाड भरलीय?" बायको म्हणाली. "तुम्ही आपलं थर्मामीटर बघा."

निघायच्या दिवशी त्याने धीर करून विचारलंच, "अंगण असंच ठेवायचं की प्रत्येकाला वेगळं द्यायचं?"

काकांनी बाईंकडे पाहिलं.

"सामाईकच राहू द्या," बाई म्हणाल्या. "खोलीची तक्रार नाही आमची. घरं बांधा खुशाल."

जीप दिसेनाशी व्हायच्या आत व्यवस्थापकाने फोन लावला.

"मॅडम, पास! मालकांना कळवतो लगेच. आणि... एक सांगू का? राग मानू नका, आपल्याला काय करायचंय म्हणा. दोघांसाठी दोन गाड्या बोलावल्या होत्या, त्यातली एक रिकामीच परत पाठवली. काकांनी बाईंना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे सामानात अंग चोरून बसले. आता बोला! ओळख होऊन किती दिवस झाले दोघांची?"



"म्हणजे बाबा विसरले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मागे बसलं की आईला गाडी लागते."