पाचवी खिडकी

"वा! काय हात आहे!"

भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला आणि ताईची पटाशी लाकडात नको तितकी खोल गेली.

पलीकडे वहिनीचा कॉम्प्युटर होता. भावाचं लग्न होईपर्यंत या घरात जहाजं करणारी माणसं दोनच होती, बाबा आणि ताई. खऱ्या जहाजांवरून माप उतरवून केलेली, हातभर लांबीची लाकडी जहाजं. वहिनी आली ती कॉम्प्युटर घेऊनच. ती पडद्यावर जहाजाच्या फासळ्या काढायची, मशीन त्या कापून द्यायचं आणि ताई त्यांवर एकेक पट्टी वाकवून बसवायची. काम झटपट व्हायला लागलं, हे ताईलाही कबूल होतं. पण बाबा? बाबा एकदा वहिनीशेजारी स्टूल ओढून बसले की थेट जेवायलाच उठायचे.

"अजून मोठं कर, सूनबाई. अजून. हां! आता बघ ती कड. पाण्यावरून बोट फिरवावं तशी गेलीय."

कड म्हणे! ताईने काचकागद करकरा घासला. बटणं दाबून काढलेल्या रेघेला कसली आलीय कड? हात इकडे झिजताहेत आणि आरती तिकडे चाललीय.

"ताई, चहा ठेवू?" वहिनी दारात उभी होती.

"ठेव की. तुझ्याकडे त्याचंही बटण असेल."

वहिनी हसली. तिचं हे हसणंच ताईला जास्त झोंबायचं. भांडली असती तर निदान बरोबरी झाली असती. वर रोज संध्याकाळी ती ताईचं जहाज उचलून न्यायची. गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचे म्हणायची. घडवायचं हिने, मिरवायचं तिने. परवा तर सासरा-सून दोघंच बाहेर जाऊन आले. कुठे गेला होता म्हणून विचारलं, तर बाबा म्हणाले, "असंच, पाय मोकळे करायला." ताईबरोबर त्यांचे पाय कधी अवघडले नव्हते.

हेही तिने गिळलं असतं. पण बाबांनी तिच्या चुका काढणं सोडलं होतं.

पूर्वी ते दारातूनच ओरडायचे. "डावीकडची डोलकाठी झोपलीय, उठव तिला." "कठडा आहे की म्हातारीचे दात?" ताई चिडायची, पुन्हा करायची. बाबांनी काही न बोलता जहाज खाली ठेवलं की तो दिवस तिचा सण असायचा. आता काहीही दाखवा, बाबा जहाज हातात घ्यायचे, फिरवायचे, डाव्या हाताने आधी टेबल चाचपून मग हळूच खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "छान."

छान! पाहुण्यांच्या पोराने काढलेल्या चित्राला म्हणतात तसं.

त्या दुपारी नव्या जहाजाच्या बाजूला गोल खिडक्या पाडायच्या होत्या. ताईने दोरा ताणून रेघ मारली. हातड्रिलने चार खिडक्या पाडल्या. पाचवीपाशी ती थांबली. मग तिने ड्रिलचं टोक रेघेच्या केसभर खाली टेकवलं. हात नाहीच म्हणत होता. तिने तो दामटला. उरलेल्या खिडक्या पुन्हा रेघेवर घेतल्या, सगळ्यांच्या कडा कानशीने साफ केल्या आणि जहाज बाबांपुढे धरलं.

बाबांनी ते फिरवलं. टेबल चाचपलं. जहाज ठेवलं.

"छान," ते म्हणाले आणि पलीकडे गेले.

ताई तशीच उभी राहिली. म्हणजे आता बघायचेही कष्ट नकोत. ठीक आहे. तिने पटाश्या पुसून पेटीत भरल्या. संध्याकाळी वहिनी येऊन जहाज घेऊन गेली, तेव्हा ताईने मान वर केली नाही. थोड्या वेळाने ती उठली. आज तोंडावर सांगायचं, तुमचं तुम्ही बघा, मी या जहाजांना पुन्हा हात लावणार नाही.

पलीकडचं अर्धवट उघडं दार लोटायला तिने हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला.

पडद्यावर वहिनीने काढलेलं काहीच नव्हतं. फोटोतली, ताटाएवढी केलेली एकच गोल खिडकी होती आणि तिच्या कडेला कानशीचे ओरखडे होते. ते ओरखडे ताईने झोपेतही ओळखले असते. बाबा पडद्याला नाक लावून बसले होते. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते.

"ही बघ, रेघेच्या केसभर खाली आहे," ते म्हणाले. "हे तिच्या हातून चुकून व्हायचं नाही. मुद्दाम केलंय. पोर रागावलीय माझ्यावर."

"मग दुपारी छान कशाला म्हणालात?"

"दुपारी मला दिसली कुठे? चालायला-फिरायला अडत नाही ग, पण बारीक बघायला गेलो की नेमकं मधलंच पुसलं जातं. तू ही अशी ताटाएवढी करतेस, तेव्हा कुठे लेकीचं काम दिसतं."

"आता तरी सांगा त्यांना. परवा डॉक्टर काय म्हणाले तेही सांगा. तुमच्यापायी त्या रोज माझ्यावर डोळे वटारतात."

"नको. कळलं तर ती हट्टाने जहाजंच मोठी करायला घेईल. ठेवायची कुठे मग?" बाबा हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "चल, पहिल्या खिडकीपासून दाखव. काय हात आहे!"

ताईने पदराने डोळे कोरडे केले, आवाज जमेल तितका करडा केला आणि दारातूनच म्हणाली,

"मोठं कर, वहिनी. माझ्या बऱ्याच चुका बाबांनी काढायच्या राहिल्यात."