मौनीबाबाची तालीम

“पुन्हा सॉरी,” ताईने कपाळावर हात मारला. “अरे, अजून तू काही बोललाच नाहीस, तर सॉरी कशाबद्दल?”

मौनीबाबा टेबलाकडे बघत राहिला. जाहिरात कंपनीतल्या मीटिंगच्या छोट्या खोलीत दोघंच होती. भिंतीवर साबणाच्या जाहिरातीची कच्ची चित्रं टाचलेली होती, त्यातली निम्मी त्याच्याच हातची. चित्रात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बोलायची वेळ आली की मात्र स्वारी मूग गिळून बसायची. नाव त्याला ऑफिसने उगाच नव्हतं पाडलं.

आणि अशा माणसाला डिझाइनचा प्रमुख केलं होतं. तेही ताईच्याच शब्दावर. ग्राहकांशी बोलणं हे तिचं खातं. तिच्याइतकं जुनं आणि तिच्याइतकं बोलणारं ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. “पोराला प्रमुख करा, बोलायचं मी शिकवते,” असं तिने मालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आता शिकवता शिकवता तिच्या नाकी नऊ आले होते.

सकाळीच तो तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला होता. मालकांनी एकाला काढायचं ठरवलं होतं. आज संध्याकाळच्या आत याने समोर बसून सांगितलं तर ठीक, नाहीतर मालक मोबाइलवर मेसेज टाकून मोकळे होणार होते.

“मेसेजवर नको वाटतं, ताई,” तो कसंबसं म्हणाला होता. “इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला. म्हणून म्हटलं, आधी...”

“आधी मला विचारावं. बरोबर केलंस. फोटोग्राफरच ना? कधी ना कधी हे होणारच होतं. चल, तुझी तालीम घेते.”

तो आणखी काहीतरी म्हणत होता, पण तोवर ती मीटिंगच्या खोलीकडे निघालीसुद्धा होती. फोटोग्राफरचा तापटपणा सगळ्या ऑफिसला ठाऊक होता. मॉडेलवर खेकसायचा, मदतनिसांना फैलावर घ्यायचा. त्याच्यासमोर या मौनीबाबाचं काय होणार, या विचारानेच ताईचं डोकं उठलं होतं.

“हं. समज, मी तोच,” ती खुर्चीत मागे रेलली. “पहिल्यापासून.”

“बसा ना.”

“मी बसलेलीच आहे.”

“हो. म्हणजे... आज जरा उकडतंय.”

ताईने डोळे मिटून घेतले. “उकडतंय ते त्यालाही कळतंय. पुढे.”

“तुमचं काम चांगलं आहे. खरंच. मी तुमच्याकडून...”

“झालं. आता त्याला वाटणार, पगार वाढवायला बोलावलंय. कौतुक मागाहून. आधी मुद्दा, एका वाक्यात.”

“मालकांचं म्हणणं असं आहे की...”

“मालकांच्या मागे लपू नकोस. तुला पटलंय की नाही?”

त्याने टेबलावरचा पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवला, पुन्हा होता तिथे आणून ठेवला.

“पटलंय,” तो म्हणाला.

“मग तसं म्हण ना, बाबा. आणि कारण काय देणार?”

“लोकांना त्रास होतो. त्या दोन मुली नोकरी सोडून गेल्या, त्या जाताना मला...”

“जाणारच. रोज कोण ऐकून घेईल? हेच सांग. पण टेबलाला सांगू नकोस, माणसाला सांग. वर बघ. आणखी वर. छताकडे नाही रे, माझ्याकडे.”

त्याने बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. ताईचा पारा चढला.

“वैताग आहे नुसता. हे बघ, आज तू कच खाल्लीस ना, तर मालक बाहेरून कोणीतरी वाचाळ माणूस आणून तुझ्या डोक्यावर बसवतील. आणि माझं नाक कापलं जाईल ते वेगळंच. कसली भीती वाटते तुला? एवढं कळू दे मला.”

“त्यांना वाईट वाटेल, ताई.”

“वाटेलच की. नोकरी गेल्यावर कोणी पेढे वाटतं का? पण तू असा आढेवेढे घेत बसलास, तर त्याला जास्त वाईट वाटेल. घडाघडा बोल आणि मोकळा हो. पाणी पी. घे पुन्हा.”

तो पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि सरळ तिच्याकडे बघितलं.

“मला तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय,” तो म्हणाला. “या महिन्यानंतर तुमची इथली नोकरी राहणार नाही. मालकांनी ठरवलंय आणि मलाही ते पटलंय. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण तुमच्यासमोर कोणाला तोंड उघडता येत नाही. त्या मुली हेच सांगून गेल्या. माझंही तेच होतं. मी इथे जे काही शिकलो ते तुमच्याकडून, म्हणून हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगू नये असं मला वाटलं.”

कुठे अडखळला नाही, कुठे पुटपुटला नाही. ताईने टेबलावर थाप मारली. सकाळपासूनचा वैताग कुठल्या कुठे पळाला आणि तिला एकदम भरून आलं.

“शाब्बास रे माझ्या पठ्ठ्या. शिकलो वगैरे त्याच्यासाठी जरा जास्तच होतंय, पण चालेल. आणि ‘माझंही तेच होतं’, हे तर मी सांगितलंही नव्हतं. ते ठेव, मनाला भिडतं. ऊठ आता. खाली स्टुडिओतच असेल तो. जा, असंच्या असं सांगून ये.”

मौनीबाबा उठला नाही.

“सांगून झालं, ताई,” तो म्हणाला.