दगडावरचे अकरा

सुकेशनीनं वाढदिवसाला दिलेल्या समुद्री दगडावर मी भिंगातून अकरा जीव मोजले: सहा गोगलगायी, चार कृमी आणि केसाळ पायांचा एक खेकडा. खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड ठेवण्याआधी तिला खेकड्याचा फोटो पाठवला.

"हा कोण गं?"

"शेवाळ खातो, येडे. लई गरीब आहे. राहू दे."

पंधरा दिवसांत त्यानं मी दोन वर्षं वाढवलेलं प्रवाळ कुरतडून संपवलं. मी आमच्या मत्स्यालयाच्या ग्रुपवर 'खेकडा' शोधलं. महिन्यापूर्वीचा सुकेशनीचा मेसेज निघाला: "प्रवाळ खाणारा खेकडा दगडातून निघतच नाय. काय करू?"

शिवमनं लिहिलं होतं, "दगडासकट कुणाला तरी गिफ्ट दे."



त्याखाली हसरे चेहरे नऊ होते. त्यातला एक माझा.