रेघेखालचं पाणी

माशांच्या टाकीवरची लाल नेलपॉलिशची रेघ नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची. पाणी बदलताना तो त्या रेघेखाली जातच नाही. “नळाचं पाणी जड. एकदम सगळं बदललं तर पीएच उसळतो, झाडं झडतात, मासे मरतात.” “म्हणजे तिने भरलेलं पाणी यात अजून आहेच!” “असेल थेंबभर,” तो हसला. माझा तिळपापड झाला. तो बाहेर पडताच मी पाणी उपसायला नळी लावली. पाणी रेघेपर्यंत उतरलं. अजून वीतभर उपसलं की ती घरातून गेली! पण तळातून मासे माझ्याकडे बघत होते. चरफडत नळी काढली, नवं पाणी भरलं. संध्याकाळी त्याने रसायनाचे थेंब टाकून पाण्याचा पीएच तपासला. “तू पाणी बदललंस? अगदी बरोबर! तिने पहिल्यांदा सगळंच बदललं, एकही मासा वाचला नाही. मग ही रेघ ओढली.” “अरेरे!” म्हणत मी हसू दाबलं, रेघेवरून मायेने फडकं फिरवलं.